पान बदलले की विषही बदलते

कापसावर जिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीच हरभऱ्यावर घाटेअळी होते, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. कीटकशास्त्राच्या लेखी ही चारही नावे एकाच किडीची आहेत : हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. भारतात १८०हून अधिक वनस्पतींवर ती आढळल्याची नोंद आहे. पिकागणिक तिचे नाव बदलण्याची शेतकऱ्यांची रीत शास्त्रीय वर्गीकरणात बसत नाही. पण अळी काय खाते यावर तिची वाढ, तिचे वागणे आणि तिला आवरण्याचा उपाय अवलंबून असतो, हे शहाणपण त्या रीतीत सामावलेले आहे. आपल्या कीटकनाशकविषयक धोरणाने ते अद्याप पुरेसे आत्मसात केलेले नाही. विशेषतः बीटी या जिवाणूजन्य कीटकनाशकाच्या बाबतीत ही उणीव शेतकऱ्याला महाग पडते, असे माझे मत आहे.

रासायनिक कीटकनाशकांवरील अवलंबित्व कमी करणे हे आता केंद्र सरकारचे जाहीर उद्दिष्ट आहे. २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. या दिशेविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. मात्र रसायनाच्या डब्याजागी जिवाणूचा पुडा ठेवला आणि बाकी सारे पूर्वीप्रमाणेच चालू ठेवले, तर हे संक्रमण यशस्वी होणार नाही. रासायनिक विषांपैकी बरीच अळीला नुसत्या स्पर्शाने मारतात. जिवाणूजन्य विषाचे तसे नाही. ते अळीने खावे लागते, आणि ते ज्या पानासोबत पोटात जाते ते पानही परिणामात आपला वाटा उचलते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिड्यांच्या एका रोगाचे कारण म्हणून तो प्रथम ओळखला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला, आणि त्या प्रांताचे नाव त्याला मिळाले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्यापासून बनवलेले पहिले व्यापारी कीटकनाशक बाजारात आले. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. ते स्फटिक स्वतः विषारी नसतात. अळीच्या मध्यांत्रातील तीव्र अल्कधर्मी रसात ते विरघळतात, तेथील विकरे त्या प्रथिनाला कापून सक्रिय रूप देतात, मग ते आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. अळीचे खाणे काही तासांत थांबते. मरण यायला मात्र दोन ते पाच दिवस लागतात. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि त्याच्या आतड्यात हे ग्राही नसतात. त्यामुळे हे विष आपल्याला बाधत नाही.

या साखळीतील प्रत्येक पायरी अळीच्या पोटात घडते, आणि त्या पोटात बीटीसोबत पानाचा लगदाही असतो. वनस्पती काही निमूटपणे खाल्ल्या जाण्यासाठी जन्मलेल्या नाहीत. टॅनिन, निकोटिन, गॉसिपॉल, निरनिराळी आम्ले अशी स्वसंरक्षणाची शेकडो रसायने त्या बनवतात. त्यांतील काही प्रथिनांना बांधून टाकतात, काही आतड्यातील रसाचा सामू बदलतात, काही अळीची भूक मारतात. भूक मेलेली अळी पान कमी खाते आणि पानावर फवारलेले बीटीही कमी खाते. वनस्पतीचे स्वतःचे संरक्षण आणि आपण वरून दिलेले संरक्षण यांची बेरीज होईल की वजाबाकी, हे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. ते मोजावे लागते.

असे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंबाखूवरील शिंगी अळीच्या खाद्यात निकोटिन असताना बीटीचा परिणाम घटल्याचे दिसले. ओकच्या पानांतील टॅनिनमुळे जंगले ओरबाडणाऱ्या जिप्सी पतंगाच्या अळीवर बीटीची मात्रा कमी चालते, हे १९९४ मध्ये दाखवण्यात आले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की, तेच बीटी प्रथिन पाते धरण्यापूर्वीच्या कोवळ्या कापसाच्या पानांसोबत दिले तर हेलिकोव्हर्पावर अधिक परिणामकारक ठरते आणि बोंडे धरलेल्या कापसाच्या पानांसोबत दिले तर कमी. विषाचे प्रमाण तेच, कीडही तीच आणि पीकही तेच. बदलले होते केवळ झाडाचे वय.

भारतीय शेतीला सर्वांत जवळचे उदाहरण हरभऱ्याचे आहे. जगातील निम्म्याहून अधिक हरभरा भारतात पिकतो. बीटी जनुक असलेला हरभरा आपल्याकडे लागवडीत नाही. म्हणजे घाटेअळीविरुद्ध जिवाणू वापरायचा तर तो फवारूनच. हरभऱ्याच्या शेतातून चालणाऱ्याच्या पायाला जी आंबट आंब लागते, ती पानांवरील सूक्ष्म केसांतून स्रवणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात. रात्री पिकावर स्वच्छ फडके अंथरून पहाटे ते पिळायचे आणि ही आंब पोटदुखीवर औषध म्हणून साठवायची, ही रीत ग्रामीण भागात अनेकांना ठाऊक आहे. हरभऱ्याच्या दृष्टीने मात्र ती किडींविरुद्धची तटबंदी आहे. आंब अधिक असलेल्या वाणांवर अळी कमी खाते आणि मंद वाढते.

मग अशा आंबट पानावर बीटी फवारले तर काय होते? हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ आणि २०१३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. ते दुहेरी आहे आणि म्हणूनच उद्बोधक आहे. हरभऱ्याची पाने वा घाटे यांची भुकटी मिसळलेल्या कृत्रिम खाद्यात बीटीचा प्रभाव घटला. आंबेतील आम्लांमुळे अळी कमी खाते, तिच्या पोटात बीटीही कमी जाते, म्हणून कीडप्रतिकारक वाणांवर फवारणीची परिणामकारकता कमी होऊ शकते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. मात्र त्याच वेळी, प्रतिकारक वाण आणि बीटी यांचा एकत्रित परिणाम नुसत्या बीटीपेक्षा अधिक होता. म्हणजे बीटीचे एकट्याचे काम घटले, तरी दोघांचे मिळून काम वाढले.

या निष्कर्षातून निघणारा व्यावहारिक सल्ला सरळ आहे. आंब अधिक असलेल्या वाणावर बीटीकडून एकाच झटक्यात अळ्या मारण्याची अपेक्षा धरू नये. पण तेथे त्याची गरजही तेवढी नसते, कारण अर्धे काम झाडाने केलेले असते. आंब कमी असलेल्या वाणावर अळी अधाशीपणे खाते आणि तिच्या पोटात बीटी भरपूर जाते. तेथे फवारणीची वेळ चुकली तर झाड मदतीला येत नाही. हा फरक शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पुड्यावर कुठे छापलेला असतो? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो कोण सांगतो?

हा दोष दुकानदाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्याचे मूळ मोजमापाच्या पद्धतीत आहे. बीटीची ताकद आंतरराष्ट्रीय एककांत मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. एका प्रमाणित भुकटीची ताकद दर मिलिग्रॅमला १६,००० एकके मानली गेली, आणि नव्या उत्पादनाची तुलना त्या भुकटीशी केली जाते. ही तुलना होते कोबीवरील उंटअळीवर, आणि तीही प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर. उत्पादकांमधील तुलनेसाठी ही पद्धत उत्तम आहे. एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या मालाइतका सकस आहे का, हे तिच्यावरून कळते. परंतु तो आकडा जेथे जन्मला, तेथे ना हरभऱ्याची आंब होती, ना कापसाचे टॅनिन. पुड्यावरील एककांची संख्या म्हणजे शेतातील ताकद, असा अर्थ काढण्याचा अधिकार ती पद्धत आपल्याला देत नाही.

आपली नियमनव्यवस्था पिकाकडे अजिबात पाहत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली फरिदाबाद येथील केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती प्रत्येक उत्पादनाची नोंदणी विशिष्ट पीक आणि विशिष्ट कीड यांच्यासाठी करते. त्यासाठी निरनिराळ्या हवामानातील क्षेत्रीय चाचण्यांची माहिती मागितली जाते. म्हणजे कापूस आणि कोबी हे वेगळे आहेत, एवढे व्यवस्थेला मान्य आहे. तिची दृष्टी तेथेच थांबते. त्या पिकाचा वाण कोणता, झाड किती दिवसांचे, ते पाण्याच्या ताणाखाली आहे का, नायट्रोजन पुरेसा मिळाला आहे का, हे प्रश्न शिफारशीत उमटत नाहीत. रासायनिक विषांसाठी ही ढोबळ चौकट कदाचित पुरेशी असेल. जिवाणूसाठी ती पुरत नाही, आणि आपण मात्र दोघांना एकाच साच्यात बसवले आहे.

ही केवळ फवारणीपुरती गोष्ट असती, तरी तिच्यावर लिहिणे योग्यच ठरले असते. पण भारतात बीटीचा सर्वांत मोठा वापर फवारणीतून होतच नाही. तो बियाण्यातून होतो. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला मान्यता मिळाली. २००६ मध्ये दोन विषप्रथिनांचे वाण आले. आज देशातील कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी आहे. या तंत्रज्ञानाविषयीची चर्चा आपण इतकी वर्षे समर्थक विरुद्ध विरोधक अशा कुस्तीच्या आखाड्यात खेळवली की, मधल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे कुणाचे लक्षच राहिले नाही : ते जनुक ज्या झाडात घातले आहे, ते झाड त्याचे काय करते?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने या प्रश्नाचे उत्तर २००५ मध्येच दिले होते. डॉ. केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या काळातील बीटी संकरित वाणांमधील विषाचे प्रमाण झाडाच्या अवयवानुसार आणि वयानुसार मोजले. पानांत ते सर्वाधिक होते. बोंडअळीला जे सर्वाधिक प्रिय, त्या फुलांच्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडांच्या सालीत ते सर्वांत कमी होते. झाड जसजसे जुने होत गेले तसतसे प्रमाण घसरत गेले, आणि बहुतेक वाणांत ११० दिवसांनंतर ते अळीला मारण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या, म्हणजे दर ग्रॅमला १.९ मायक्रोग्रॅमच्या, खाली गेले. आपले संकरित वाण मात्र अनेक ठिकाणी शेतात १८० दिवस आणि त्याहून अधिक काळ उभे राहतात. पहिल्या ११० दिवसांत कीड मरते आणि उरलेल्या दिवसांत अर्धवट विषावर जगलेल्या अळ्यांतून प्रतिकारक्षम पिढ्या निवडल्या जातात.

यात संकरित बियाण्याची आणखी एक गुंतागुंत आहे. जगातील बहुतेक देशांत बीटी कापूस सरळ वाणांत आहे. भारतात तो जवळपास पूर्णतः संकरित वाणांत आला. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असल्याने त्याच्या बोंडातील सरकीत जनुकाची वाटणी होते : काही सरकीत विष असते, काहीत नसते. गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात विषारी आणि निर्विष दाणे शेजारी शेजारी असणे म्हणजे अळीला हप्त्याहप्त्याने विषाची सवय लावण्यासारखे आहे. २०१० मध्ये गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या विषाचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्याने त्याची झळ सोसली.

हिरवी बोंडअळी मात्र त्या प्रमाणात निर्ढावली नाही. या फरकाचे मोठे कारण पुन्हा आश्रयवनस्पतीत आहे. हेलिकोव्हर्पा तूर, हरभरा, टोमॅटो, भेंडी, मका असे काहीही खाते. कापसाबाहेर बीटीचा स्पर्श न झालेले तिचे असंख्य पतंग तयार होतात आणि ते कापसातून वाचलेल्या प्रतिकारक पतंगांशी संकर करून प्रतिकारक्षमता पातळ करत राहतात. उत्तर चीनमध्ये या नैसर्गिक आश्रयावरच धोरण उभे राहिले. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते. तिच्यासाठी तुरीचे शेत आश्रय ठरत नाही. बिगरबीटी कापूस हाच तिचा आश्रय.

आपल्या नियमांनी हे ओळखले होते का? कागदावर काही प्रमाणात होय. कापसाच्या २० टक्के क्षेत्रावर किंवा कडेच्या पाच ओळींत, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या जागेत, बिगरबीटी कापूस लावावा असा नियम होता, आणि त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे पाकीट दिले जाई. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपले २० टक्के रान किडीला सोडावे, ही अपेक्षा मुळातच अवास्तव होती. ती पाकिटे बांधावर पडून राहिली. त्यांतील बियाण्याच्या उगवणीविषयी आणि दर्जाविषयीही तक्रारी होत्या. पुढे आश्रयासाठी तुरीलाही मुभा मिळाली. हिरव्या बोंडअळीसाठी ती योग्य होती, पण गुलाबी बोंडअळीसाठी तिचा काहीच उपयोग नव्हता. दोन किडींच्या आहारातील भेद नियमाने एकाच ओळीत पुसून टाकला. नंतर बिगरबीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. तिच्यामुळे शेतकऱ्याच्या इच्छेवरचे अवलंबित्व संपले, तरी बोंडातल्या मिश्र सरकीचा प्रश्न तिथेच राहिला.

इतर देशांनी अधिक चांगले केले, याचे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आश्रय कापसाचा नियम काटेकोर पाळला गेला. पुढे निर्बीज पतंग सोडण्यासह अनेक उपाय एकत्र केले गेले, आणि २०१८ मध्ये तेथील कृषी खात्याने मुख्य भूमीवरील कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी दुसऱ्या पिढीचे संकरित बियाणे पेरल्यामुळे शेतात आपोआप एक चतुर्थांश बिगरबीटी झाडे मिसळली गेली, आणि वाढू लागलेली प्रतिकारक्षमता ओसरली. आपण दोन्ही वाटा सोडून तिसरी, म्हणजे दुर्लक्षाची, वाट धरली.

आश्रयवनस्पतीचे महत्त्व आणखी एका पायरीवर जाते. विषाला प्रतिकार करण्याची क्षमता किडीला फुकट मिळत नाही. तिची किंमत वाढीत किंवा प्रजननात मोजावी लागते. ही किंमत किती, तेही अळी काय खाते यावर ठरते. कॅनडातील हरितगृहांत बीटीला निर्ढावलेल्या कोबी-उंटअळीच्या बाबतीत असे दिसले की, काकडीसारख्या मानवणाऱ्या वनस्पतीवर ही किंमत कमी असते आणि न मानवणाऱ्या वनस्पतीवर ती वाढते. गुलाबी बोंडअळीवरील अमेरिकी प्रयोगांत गॉसिपॉल या कापसातील नैसर्गिक रसायनाने प्रतिकारक अळ्यांची ही किंमत वाढवली. म्हणजे आश्रयासाठी कोणता बिगरबीटी वाण निवडतो, हाही धोरणाचा प्रश्न आहे. गॉसिपॉल अधिक असलेला वाण निवडला, तर बिगरबीटी झाडे प्रतिकारक अळ्यांना मागे रेटतील. आपण मात्र त्या पाकिटात कोणते बी आहे, हा प्रश्न कधी गांभीर्याने विचारलाच नाही.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, हे विसरून चालणार नाही. १९८७-८८ मध्ये आंध्रच्या कापूस पट्ट्यात हेलिकोव्हर्पाने पायरेथ्रॉइड गटातील औषधांना दाद देणे सोडले, तेव्हा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत किमान २० जणांचे प्राण गेले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती : घातक रसायनांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेले पीक, शेतमजुराच्या जिवाविषयीची अनास्था. त्यात एक कारण हेही होते की, ज्या बियाण्याने फवारणीची गरज कमी करायची, त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. जिवाणूजन्य उपाय अपयशी ठरतो तेव्हा शेतकरी हात जोडून बसत नाही. तो अधिक जहाल रसायनाकडे वळतो. हरभऱ्यावर सायंकाळी बीटी फवारलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी शेतात जातो, त्याला अळी पानावर जिवंत दिसते. तिने खाणे थांबवले आहे, ती दोन दिवसांत मरणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. तो दुसरे औषध आणतो, आणि ‘जैविक म्हणजे कुचकामी’ हा निष्कर्ष गावभर पसरतो. पाठीवर पंप घेऊन पिकात शिरणारा मजूर त्या निष्कर्षाची किंमत मोजतो.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो वजनदार आहे. कोट्यवधी अल्पभूधारकांच्या देशात वाणनिहाय, वयनिहाय शिफारशी कशा पोहोचवायच्या? जैविक कीटकनाशके बनवणाऱ्या लहान कंपन्यांवर आणखी चाचण्यांचा बोजा टाकला, तर त्या बाजारातून बाहेर फेकल्या जातील आणि उरतील त्या मोठ्या रसायन कंपन्या. अधिक नियमन म्हणजे अधिक चांगले नियमन नव्हे, हे मलाही मान्य आहे.

परंतु येथे नवीन परवाने नकोत, सार्वजनिक ज्ञान हवे आहे. चाचणी प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मालाची करण्याची गरज नाही. ती जिवाणूच्या प्रमुख जातीची आणि पिकांच्या प्रमुख वाणांची करायची आहे. त्यासाठीची यंत्रणा आपल्याकडे आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या समन्वयाखाली किडींच्या जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प देशभरातील कृषी विद्यापीठांत चालतो. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने एरंडीवरील उंटअळीसाठी स्वतःची बीटी जात विकसित केली आणि ती उद्योगांना दिली; म्हणजे एक पीक, एक कीड, एक जात असे नेमके काम सरकारी संस्था करू शकते, याचा पुरावाच आहे. कापूस, हरभरा, तूर, टोमॅटो आणि कोबीवर्गीय भाज्या या पाच पीकगटांपासून सुरुवात केली, तरी फवारणीच्या बीटीचा मोठा भाग त्यात येईल.

माझ्या मते चार गोष्टी ताबडतोब करता येतील. पहिली : नोंदणीसाठीच्या जैवचाचण्यांत कृत्रिम खाद्याबरोबर संबंधित पिकाच्या पानांवरील आणि फळांवरील चाचणी अनिवार्य करावी, आणि ती सार्वजनिक संस्थांनी सरकारी खर्चाने करावी. दुसरी : लेबलवर प्रति हेक्टर मात्रेसोबत पिकाची अवस्था, अळीची अवस्था आणि परिणाम दिसायला लागणारे दिवस हे तीन तपशील स्थानिक भाषेत ठळक छापावेत. बीटी लहान अळ्यांवरच चांगले चालते आणि प्रखर उन्हात त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो; सायंकाळी फवारा, अंडी फुटताच फवारा, तीन दिवस थांबा, एवढे तरी प्रत्येक पुड्याने सांगितलेच पाहिजे. तिसरी : बीटी बियाण्याची मान्यता कायमस्वरूपी न मानता, बोंडातील आणि फुलातील विषाची पातळी १२० दिवसांपर्यंत दरवर्षी मोजून ती वाणनिहाय जाहीर करावी. लागवडीच्या वेळी शेतकऱ्याला पाकिटावर किंमत दिसते. झाडाच्या शंभराव्या दिवशी त्यातले विष किती उरते, हेही दिसले पाहिजे. चौथी : कमी कालावधीच्या, एकाच वेळी फुटणाऱ्या कापूस वाणांना बियाणे धोरणात प्राधान्य द्यावे, म्हणजे अर्धवट विषाचा दीर्घ काळ किडीला मिळणार नाही.

या चार सूचनांत क्रांतिकारक काही नाही. त्यांतील बरीचशी माहिती आपल्याच संस्थांनी दहा-वीस वर्षांपूर्वी शोधून काढलेली आहे. नागपूरचा अभ्यास २००५ चा, इक्रिसॅटचा २०११ चा. ज्ञान निर्माण करण्यात आपण मागे नाही. ते ज्ञान नोंदणीच्या फाइलपर्यंत, फाइलमधून लेबलपर्यंत आणि लेबलवरून शेतापर्यंत नेण्यात आपण मागे आहोत. १९६८ च्या कायद्याची जागा घेणारे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने बनावट औषधे, दंड आणि नुकसानभरपाई यांची. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण अस्सल औषधही चुकीच्या पानावर, चुकीच्या दिवशी फवारले तर शेतकऱ्यासाठी त्याचे फळ बनावट औषधासारखेच असते. त्याची भरपाई कोणत्याच कलमात नाही.

तापमानवाढीमुळे हा प्रश्न अधिक निकडीचा होणार आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढले आणि नायट्रोजन अपुरा असला, तर बीटी कापसातील विषप्रथिनाचे प्रमाण घटते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. कोरडवाहू कापूस बहुधा अपुऱ्या खतावर आणि अनिश्चित पावसावर उभा असतो. सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या शेतात बीटी सर्वांत दुबळे ठरण्याची शक्यता त्यामुळे आहे. धोरणकर्त्यांनी हा केवळ जैवतंत्रज्ञानाचा मुद्दा न मानता समन्यायाचाही मुद्दा मानावा.

एकाच अळीला पिकागणिक चार नावे देणाऱ्या शेतकऱ्याला, तिच्यावरचा उपायही पिकागणिक वेगळा असतो हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये. अवघड आहे ते एका पुड्याला एकच आकडा आणि एका देशाला एकच शिफारस देण्याची सवय जडलेल्या यंत्रणेला पटवणे. येत्या रब्बीत हरभऱ्याला घाटे लागायला सुरुवात होईल, तेव्हा पुड्यावर तोच जुना आकडा असेल. पुढच्या रब्बीपर्यंत त्या आकड्याशेजारी पिकाचे वय आणि अळीचे वय या दोन ओळी आल्या, तरी सुरुवात झाली असे मी म्हणेन.